किंमत चुकते, ऋण उरते

डिसेंबरचा अखेरचा आठवडा आला की रायगडच्या किनाऱ्यावर मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांची रीघ लागते. मांडव्याच्या धक्क्यापासून काशीदच्या वाळूपर्यंत खोल्यांचे भाडे चढते, मासळी महागते. आणि बिल चुकते केले की आपला हिशेब संपला, असे समजून पाहुणा परततो. त्याच आठवड्यात, काशीदला जाणाऱ्या त्याच रस्त्यावर, कोर्लईच्या माउंट कार्मेल मातेच्या चर्चमध्ये नाताळची उपासना होते. तिचा हिशेब मात्र निराळा आहे.

कुंडलिकेच्या मुखाशी उभा असलेला कोर्लईचा किल्ला पोर्तुगीजांनी १५९४ मध्ये निजामशाहीकडून जिंकला. १७३९ मध्ये वसई पडली आणि पुढच्याच वर्षीच्या तहाने चौलचा हा मुलूख मराठ्यांकडे आला. राज्यकर्ते गेले; येथील ख्रिस्ती कुटुंबे राहिली. त्यांच्या घरांत आजही एक बोली बोलली जाते. तिला ते ‘नो लिंग’, म्हणजे आपली भाषा, म्हणतात. तिचे शब्द बव्हंशी पोर्तुगीज. पण वाक्याची ठेवण मराठी, क्रियापद मराठीप्रमाणेच शेवटी. दोन भाषांनी एकमेकींना असे देऊन ठेवले आहे. त्याची पावती कोणी फाडली नाही.

ख्रिस्ती उपासनेच्या मध्यवर्ती विधीला ग्रीक भाषेत ‘युखारिस्तिया’ म्हणतात. त्याचा अर्थच मुळी उपकारस्तुती. नाताळ हा त्याच वृत्तीचा सण होय: जे श्रमाने मिळवले नाही, विकत घेतले नाही, ते मिळाले याची जाणीव. ही जाणीव या किनाऱ्याला परकी नाही. नारळी पौर्णिमेला कोळी दर्याला नारळ वाहतो. एके काळी ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले जाणारे बेने इस्रायली मलिद्याचा विधी करून देवाचे आभार मानतात. आणि देवऋण, ऋषिऋण व पितृऋण यांची कल्पना तर प्रत्येक हिंदू घरात परिचित आहे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर किंमत दिली की व्यवहार संपतो आणि दोन्ही पक्ष मोकळे होतात. कृतज्ञतेत नेमके उलट घडते. तेथे संबंध सुरू होतो. बाजाराला किंमत हवीच, तिच्यावाचून मासळी विकली जाणार नाही. परंतु ज्या समाजात किंमतीखेरीज दुसरे नातेच उरत नाही, तो समाज श्रीमंत असूनही एकाकी होतो.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे. कृतज्ञतेचा उपदेश बहुधा वरचा खालच्याला करतो. याच जिल्ह्यात खोत कुळाकडून राबवून घेई आणि वर उपकाराची भाषा बोले. अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सुमारे सहा वर्षे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली संप केला, तो कृतघ्नपणा नव्हता. तो न्याय होता. मागून घेतलेली कृतज्ञता ही केवळ ताबेदारी. म्हणूनच अल्पसंख्य समाजाला ‘तुम्हांला येथे राहू दिले, याबद्दल आभारी असा’ असे सुचविणे हेही खोतीचेच रूप ठरेल. कोर्लईची माणसे कोणाच्या मेहरबानीने येथे राहिलेली नाहीत. ती येथलीच आहेत.

उलट, देणे लागते ते इतरांचे. ही बोली बोलणारे आज हजाराच्या आसपास आहेत. ती शाळेत शिकविली जात नाही. शिक्षण मराठीत, आणि नोकरीसाठी वाट शहराची. अशा स्थितीत ती घरातूनही निसटेल. तिच्यातील गाणी व म्हणी ध्वनिमुद्रित करणे, मुलांना वर्गात आपल्या बोलीत चार वाक्ये अभिमानाने बोलू देणे, याला मोठा निधी लागत नाही. शिक्षकाने मनावर घेतले तर पुरे.

बायबलमध्ये दहा कुष्ठरोग्यांची कथा आहे. दहाही जण बरे झाले; आभार मानण्यास एकटाच परतला, आणि तोही परका मानला गेलेला शोमरोनी होता. उरलेले नऊ वाईट होते असे कथा सांगत नाही. ते फक्त घाईत असावेत. नाताळच्या सुट्टीत या किनाऱ्यावरून घाईने परतणाऱ्यांनी एवढे ध्यानी घेतले तरी पुष्कळ: बिल चुकते झाले, ऋण अजून बाकी आहे.