पास मागणाऱ्यांना एक प्रश्न

काचीगुड्यातल्या जुन्या मंडळींना आमचे पेटीवाले काका आठवत असतील. आत्याला स्तनाचा कॅन्सर निघाला, तेव्हा उपचाराच्या खर्चासाठी काकांनी गाण्याचा कार्यक्रम ठेवला. मध्यंतराआधी पेटी बाजूला सारून म्हणाले, "ताईने लाजेपोटी आठ महिने गाठ लपवली. तुम्ही कुणी लपवू नका." सगळे गप्प!

दुसऱ्या दिवशी कुजबुज सुरू. "घरातलं दुखणं चव्हाट्यावर कशाला आणायचं?" "बहिणीच्या नावाने पैसे मागितले हो!" आणि हीच मंडळी आदल्या आठवड्यात विचारत होती, "चार पास मिळतील का?"

आता सांगा. एन. टी. रामाराव यांच्या पत्नी कॅन्सरने गेल्या. त्यांच्या नावाचं बसवतारकम रुग्णालय २००० साली बंजारा हिल्सला सुरू झालं. मंगेशकर भावंडांनी २००१ साली पुण्यात वडिलांच्या नावाने रुग्णालय काढलं. तेव्हा आपण कौतुकच केलं ना? मग मोठ्यांनी केलं की स्मारक, आणि पेटीवाल्याने केलं की भीक?

रेड हिल्सचं सरकारी एम. एन. जे. कॅन्सर रुग्णालय १९५५ पासून आहे. दवाखाना नव्हता म्हणून आत्या थांबली नाही. तुमच्या-आमच्या कुजबुजीला भिऊन थांबली. पुढे दोनच वर्षं राहिली.

त्या कार्यक्रमानंतर वाड्यातल्या दोघीजणी आईबरोबर तपासून आल्या. त्याही गुपचूप!

म्हणून हात जोडून सांगते, पुढच्या वेळी असं बोलावणं आलं तर पास मागू नका. तिकीट काढा, आणि घरातल्या बायकांना सोबत न्या.