बुकिंग त्यांचं, टोपलं आमचं

घाण काढायला आता 'प्रोफेशनल' मिळतात. फोनवर बोट दाबा, वेळ सांगा, माणूस दारात हजर. माळा रिकामा करून देऊ, मोडका सोफा खाली नेऊ, बाथरूम फोडलंय तर राडारोडा गोण्यांत भरून उचलू, सोसायटीचं आवार झाडू, पावसाळ्याआधी गटार उपसू. जाहिरातीत इस्त्रीच्या कपड्यातला पोरगा हसत उभा असतो. प्रत्यक्षात जो जिना चढून येतो त्याच्या पायात स्लीपर असते आणि हातात मोजे नसतात. तो आपल्या वस्तीतला असतो.

म्हणून मी विचारतो, प्रोफेशनल कोण? ज्याच्या नावावर बुकिंग होतं तो, की ज्याच्या पाठीवर गोणी चढते तो?

जाहिरातीतला दुसरा शब्द 'स्थानिक'. दोस्तांनो, हा शब्द आपल्याला फार जुना आहे. गावातही घाण काढणारे स्थानिकच होते. हाक मारली की पोचतील इतके जवळ आणि सावली पडणार नाही इतके लांब. मेलेलं ढोर ओढायचं, सांगावा घेऊन रात्री-अपरात्री पळायचं, मोबदल्यात दारोदार भाकरी मागायची. त्याला वतन म्हणायचे. गुलामीला मानाचं नाव! बाबासाहेबांनी 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाचा कायदा बदलायचं बिल मांडलं. वतन कायद्यानं जायला 1958 साल उजाडलं. वतन गेलं, अंतर तेवढंच राहिलं. गावकुसाच्या जागी कंपाउंडची भिंत आली. हाकेच्या जागी रिंगटोन आली. आणि लिफ्ट दोन झाल्या.

कुणी म्हणेल, आता यात जात कुठं आली? पैसे देतो, काम घेतो, व्यवहार आहे. बरं, व्यवहाराचंच बोलू. प्लंबर आला तर तो दर सांगतो, तुम्ही ऐकता. इलेक्ट्रिशियनला खुर्ची देता, चहा विचारता. कचरा न्यायला आलेल्या बाईनं पाणी मागितलं तर तिच्यासाठी वेगळी बाटली शोधता. तिचा दर तुम्ही ठरवता, आणि ठरवलेल्यातलेही दहा-वीस कापता. दिवाळीला जुनी साडी देऊन उपकार केल्याचं तोंड करता. हा कसला व्यवहार? हे फ्लॅटमधलं बलुतं आहे. 1936 साली 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये बाबासाहेबांनी हेच उघडं केलं होतं, की जातीनं नुसती कामं वाटली नाहीत, काम करणारी माणसंच एकाखाली एक रचून ठेवली.

या उतरंडीच्या तळाशी मरण आहे. मैलाटाकीचं झाकण उघडतात, आत विषारी वायू साठलेला असतो. पहिला उतरतो, कोसळतो. त्याला वर ओढायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो. 2019 साली गोवंडीत एका खाजगी सोसायटीच्या टाकीत असे तीन कामगार गेले. 2021 साली मुंबई उच्च न्यायालयानं त्यांच्या विधवांना प्रत्येकी 10 लाख द्यायला लावले. हाताने मैला उपसण्यावर बंदी घालणारा नवा कायदा 2013 साली झाला आणि तो अंमलात आला 6 डिसेंबरला. तारीख बघा! त्या कायद्यानं गटारात, मैलाटाकीत माणसाला विनासाधन उतरवणं हा गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 2 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हेगार फक्त महापालिका नव्हे, कामाला लावणारा कुणीही. म्हणजे सोसायटीचा सेक्रेटरीसुद्धा. 2023 साली सुप्रीम कोर्टानं गटारातल्या मृत्यूची भरपाई 10 लाखांवरून 30 लाखांवर नेली. मरणाचा भाव तिप्पट झाला. जगण्याचा भाव कोण वाढवणार?

आता थोडं घरातलं बोलू. ॲपवाला कंत्राट देतो, कंत्राटदार मुकादम नेमतो, आणि तो मुकादम पुष्कळ वेळा आपलाच असतो. दंडावर निळी पट्टी, ओठांवर जय भीम आणि खिशात बायाबापड्यांच्या हजेरीतली टक्केवारी. उत्सवाची पावती तोच फाडतो, पगार थकला की तोच फोन उचलत नाही. चळवळीनं दिलेली ओळख असल्या दलालीत मोडून खाणाऱ्याला आपण जाब विचारणार की नाही?

दुसरा वाद जुना आहे. आपल्यातले काही म्हणतात, हे कामच सोडा. मलाही वाटतं, आपल्या एकाही पोरानं टोपलं वारसाहक्कानं उचलू नये. पण भाषण करणारा रात्री घरी जातो, आणि पहाटे ढकलगाडी घेऊन बाई बाहेर पडते. तिला तुमचं 'सोडा' आज काय खायला घालणार? आणि आपण सोडलं की हे काम नाहीसं होत नाही. यंत्र येतं, टेंडर निघतं, भांडवलवाला आत शिरतो. काम घाण होतं तोवर आमचं, त्यात नफा दिसला की त्यांचं! काम सोडायचा हक्क हवा, तसाच त्यावरचा दावाही हवा. दोन्ही एकदम मागायला काय हरकत आहे?

हे नुसतं हवेतलं नाही. पुण्यात 1993 साली कागद-काच-पत्रा वेचणाऱ्यांनी आपली कष्टकरी पंचायत उभी केली. बहुसंख्य बाया, बहुसंख्य दलित. त्यातूनच पुढं 'स्वच्छ' ही त्यांची स्वतःची सहकारी संस्था निघाली आणि 2008 साली महापालिकेशी करार झाला. घरोघरचा कचरा त्या नेतात, घरटी शुल्क त्या घेतात, भंगार विकून येणारा पैसा त्यांचा. मध्ये ठेकेदार नाही. कराराच्या नूतनीकरणासाठी त्यांना पुन्हा पुन्हा भांडावं लागलं, तरी उभ्या राहिल्या. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघानं कंत्राटाचा बुरखा कोर्टात फाडला, आणि 2017 साली सुप्रीम कोर्टानं 2700 सफाई कामगारांना कायम करण्यावर शिक्का मारला. ही संघटनेची कमाई आहे, कुणाची मेहेरबानी नव्हे.

आणि आता तुम्ही. होय, तुम्हीच. शिकलात, नोकरीला लागलात, काहींनी फ्लॅट घेतला. मजा करा, तो तुमचा हक्क आहे. पण तुमच्या दारावरची घंटा वाजली की आतून काय आवाज जातो? 'कचरेवाली आलीय'? तिला नाव आहे, ते विचारा. ओला-सुका वेगळा द्या. पॅड, डायपर कागदात गुंडाळून वरून लाल ठिपका करा, म्हणजे तिचा हात त्यात पडणार नाही. फुटकी काच वेगळी द्या. माळा काढायला, आवार साफ करायला माणूस लागला तर वस्तीतल्या त्यांच्या गटाला थेट सांगा, दर त्यांना बोलू द्या, पैसे त्याच दिवशी हातात द्या. सोसायटीच्या मीटिंगमध्ये उठून विचारा, मोजे-बूट कुठं आहेत? लिफ्ट का बंद? टाकीत माणूस उतरवायचा ठराव आला तर पोलिसात जाईन असं बजावून सांगा. चार माणसं तोंड वाकडं करतील. करू द्या.

घर तुमचं, कचरा तुमचा. तो उचलणारा माणूस मात्र तुमचा नाही, तो स्वतःचा आहे. एवढं ज्याला कळलं नाही, त्यानं निळा झेंडा खाली ठेवावा.

जय भीम!