तिसऱ्या दिवसाचे गणित

अमेरिकेतील अनेक अग्निशमन केंद्रांत जवान सलग २४ तास कर्तव्यावर आणि पुढचे ४८ तास घरी असतो. तीन तुकड्यांचे हे चक्र सात दिवसांच्या आठवड्याशी जुळत नाही. म्हणून २१ दिवसांत प्रत्येक वार, अगदी रविवारही, एकदा कामाचा येतोच. पण वर्षभराची पाळी आधीच ठाऊक असते. घरातील मंगलकार्याची तारीख त्यावरून खुशाल ठरवावी.

फसगत होते ती ४८ तासांच्या हिशेबात. रात्रभर आगीशी झुंजलेल्या जवानाचा पहिला दिवस झोपेचा. कुटुंबाने बेत आखावा तो दुसऱ्या दिवसाचा. आठवड्याची सरासरी ५६ तास भरते, हे विसरून ही विश्रांती जोडधंद्यात घालवणारेही पुष्कळ आहेत. तो थकवा घेऊनच ते पुन्हा बंबावर चढतात.