रेसकोर्स आणि त्याचा विसराळू मालक

महालक्ष्मीच्या रेसकोर्सविषयी मुंबईत वर्षानुवर्षे जो वाद झडत आला आहे, त्यात घोड्यांना विनाकारण मध्यभागी आणले गेले. शर्यती म्हणजे धनिकांचा शौक आणि जुगाराचे सभ्य नाव, असे एका पक्षाने म्हणावे. शर्यती होत्या म्हणून तर तेथे टोलेजंग इमारती उठल्या नाहीत, असे दुसऱ्याने बजावावे. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु ज्याची जमीन त्याने मालकासारखे वागायचे की नाही, हा प्रश्न या कोलाहलात मागे पडला.

सुमारे २११ एकरांच्या या मैदानाचा एक भाग महापालिकेच्या, तर मोठा भाग राज्य शासनाच्या मालकीचा आहे. रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबाला ते भाडेपट्ट्याने दिलेले होते आणि त्या पट्ट्याची मुदत ३१ मे २०१३ रोजी संपली. आपली एक खोली भाड्याने देणारा सामान्य कारकूनसुद्धा अकरा महिन्यांचा करार संपण्यापूर्वी भाडेकरूला दोनदा आठवण देतो. येथे अकरा महिने नव्हे, अकरा वर्षे उलटली. मधल्या काळात संकल्पनाउद्यानाची घोषणा झाली, तिला विरोध झाला, आणि घोषणा व विरोध दोन्ही यथावकाश विरले. शर्यती मात्र नेमाने चालू राहिल्या. क्लबाला त्याबद्दल दोष देण्याचे कारण नाही. मालकच विसराळू असेल तर भाडेकरूने घाई का करावी?

अखेर २०२४ मध्ये तोडगा निघाला. ९१ एकर क्लबाकडे तीस वर्षांच्या पट्ट्याने राहावेत आणि १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठी महापालिकेकडे यावेत, असे ठरले. तोडगा म्हणून तो वाईट नाही. किंबहुना, सर्व काही घेऊ किंवा सर्व काही देऊ अशा टोकांपेक्षा तो शहाणपणाचाच म्हणावा लागेल. परंतु तो ज्या रीतीने झाला ती रीत विचार करण्याजोगी आहे. जानेवारी २०२४ मध्ये क्लबाच्या सभासदांनी या प्रस्तावावर मतदान केले. काही शेकड्यांच्या त्या मंडळींना आपले मत नोंदवता आले. त्याच वेळी एक कोटीहून अधिक वस्तीच्या या शहराला आपले सभागृहच नव्हते! मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली होती, कारभार प्रशासकाच्या हाती होता आणि निवडणूक झाली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये. भाडेकरूच्या घरात लोकशाही आणि मालकाच्या घरात हुकूमनामा, असा हा प्रकार झाला.

हाँगकाँगकडे लोकशाहीचा आदर्श म्हणून कोणी बोट दाखवणार नाही. तरी तेथील फानलिंगच्या गोल्फ मैदानाची कथा तुलनेसाठी उपयोगी आहे. ही १७२ हेक्टर जमीन शासनाची, ताबा गोल्फ क्लबाचा. पट्ट्याची मुदत संपताच १ सप्टेंबर २०२३ रोजी शासनाने तीतील ३२ हेक्टर परत घेतली आणि तेथे सार्वजनिक घरे बांधण्याचे योजिले. त्यापूर्वी पर्यावरणविषयक अहवाल लोकांच्या अवलोकनार्थ खुला करण्यात आला होता. क्लब न्यायालयात गेला आणि डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने त्या अहवालाला मिळालेली मंजुरी रद्दही ठरविली. निकाल कोणाच्या बाजूने लागला हे येथे गौण आहे. कागद उघड्यावर होते, म्हणून त्यांतील उणिवांवर बोट ठेवता आले.

महालक्ष्मीच्या १२० एकरांचे मोल ओळखायचे तर साधा भागाकार पुरे. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख. हे सारे उद्यान माणशी वाटले तर वीतभर लांब, वीतभर रुंद असा तुकडाही प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. त्याच भूमीखाली क्रीडासंकुल आणि वाहनतळ उभारण्याच्या गोष्टी बोलल्या गेल्या आहेत. वर हिरवळ आणि खाली सिमेंट, अशा भूमीवर मोठा वृक्ष मूळ कोठे धरणार, हे त्या योजनेच्या पुरस्कर्त्यांनी सांगितले पाहिजे.

आणि उद्यान चालविणार कोण? मोकळ्या जागा दत्तक देण्याच्या धोरणाचा अनुभव मुंबईला आहे. मैदाने ‘सांभाळण्यासाठी’ संस्थांना दिली गेली, आणि काही ठिकाणी फाटक लागून आत क्लब उभे राहिले. जानेवारी २०१६ मध्ये महापालिकेने ते धोरण पुन्हा संमत करताच इतका गदारोळ झाला की मुख्यमंत्र्यांना त्यास स्थगिती द्यावी लागली. शुल्काचेही तसेच. २०१७ मध्ये राणीच्या बागेचा प्रवेशदर पाच रुपयांवरून पन्नासवर नेण्यात आला. देखभालीला पैसा लागतो हे खरे. परंतु मुलाबाळांसह रविवारी बाहेर पडणाऱ्या शिक्षकाला वा कारकुनाला पन्नास रुपयांचा हिशेब करावाच लागतो.

आता सभागृह अस्तित्वात आले आहे. क्लबाशी झालेला करार, भूमिगत बांधकामाचे आराखडे आणि देखभालीच्या अटी हे सर्व त्याच्या पटलावर यावयास हवे. आणि उद्यानाच्या फाटकावर शुल्क असेल काय, फाटक किती वाजता बंद होईल, हे ठरावानेच ठरावयास हवे. रेसकोर्सच्या वाटेवर सकाळ-संध्याकाळ फिरावयास येणारी माणसे आजवर क्लबाच्या सौजन्याने आत येत आली आहेत. ज्या जमिनीचे ते स्वतः मालक आहेत, तिच्यावर त्यांनी पुढील तीस वर्षेही कोणाच्या तरी सौजन्यानेच पाऊल टाकावयाचे काय, याचे उत्तर नगरसेवकांना द्यावयाचे आहे.