तिथीने येणारा अतिथी नव्हे

भाद्रपद शुद्ध चतुर्थी कोणत्या वारी येणार, हे पंचांगकर्ते वर्षाच्या आरंभीच छापून मोकळे होतात. ज्याच्या आगमनाची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, अशी या शब्दाची व्युत्पत्ती परंपरेने सांगितली जाते. त्या अर्थाने पाहता गणपतीसाठी कोकणात निघालेला चाकरमानी हा रेल्वेचा अतिथी नव्हेच. तो तिथीने येतो, दरवर्षी येतो आणि सहकुटुंब येतो. असे असूनही ही गर्दी जणू आभाळातून अकस्मात कोसळली असावी, अशा रीतीने फलाटावर तिची संभावना होते. आमची मूळ तक्रार ती हीच.

रेल्वेने काहीच केले नाही, असे आम्ही म्हणणार नाही. 26 जानेवारी 1998 रोजी कोकण रेल्वेच्या संपूर्ण मार्गावरून गाडी धावली आणि कित्येक पिढ्यांचे स्वप्न साकार झाले. गणपतीनिमित्त सुटणाऱ्या विशेष गाड्यांच्या फेऱ्या 2023 साली 305, 2024 साली 358 आणि 2025 साली 380 जाहीर झाल्या. हे आकडे गौरवास्पद आहेत. परंतु रोहा ते वीर हा टप्पा 2021 साली दुहेरी झाला, तरी पुढील मार्ग बहुतांशी एकेरीच आहे. एकेरी मार्गावर जादा गाडी म्हणजे जादा क्रॉसिंग. आणि थांबावयाची पाळी येते ती प्रायः विशेष गाडीवरच. तेव्हा केवळ फेऱ्या मोजून प्रवाशांचे सुख मोजता येणार नाही.

दुसरा प्रश्न उपनगरांचा आहे. एके काळी कोकणचा माणूस प्रामुख्याने गिरणगावात राही. 1982 च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकामागून एक थंडावले आणि ही कुटुंबे हळूहळू अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड अशी पांगली. मुलुंडकराला ठाणे एका स्थानकावर आहे, घाटकोपरकराला कुर्ला जवळ आहे. अंधेरी-बोरिवलीच्या माणसाने मात्र आधी लोकलने दादर गाठावे, पूजेचे साहित्य, पिशव्या, लेकरे आणि वृद्ध आईवडील यांसह पूल चढून मध्य रेल्वेच्या फलाटावर उतरावे, आणि लोकलला दहा मिनिटे उशीर झाला तर कोकणची गाडी डोळ्यांदेखत जाताना पाहावी! 29 ऑगस्ट 2024 रोजी बोरिवलीहून वसईमार्गे मडगावला जाणाऱ्या गाडीस प्रारंभ झाला, तेव्हा या भागात आनंदीआनंद झाला तो याचसाठी. ही गाडी आठवड्यातून दोनदाच धावणारी म्हणून सुरू झाली. वसईला इंजिनाची दिशा बदलावी लागते, मार्गावर अन्य गाड्यांचा ताण आहे, या अडचणी आम्ही जाणतो. तथापि चतुर्थीपूर्वीचा आठवडा आणि गौरी-गणपतींच्या विसर्जनानंतरचे दिवस, एवढ्यापुरती तरी या मार्गाने रोज गाडी सोडणे अशक्य मानू नये.

तिसरा प्रश्न गाडीतील व्यवस्थेचा. जून 2023 मध्ये मुंबई-मडगाव वंदे भारत सुरू झाली. तीत जागेवर जेवण मिळते. त्याचा आम्हांला हेवा नाही. परंतु दिव्याहून सावंतवाडीकडे विनाआरक्षित डब्यातून निघालेला मनुष्य जेवण मागतच नाही. प्रवासासाठी बरोबर घ्यावयाच्या शिदोरीला संस्कृतात पाथेय म्हणतात. ते त्याच्या गाठोड्यात असते. नोव्हेंबर 2024 पासून आरक्षण 120 ऐवजी 60 दिवस आधी खुले होऊ लागले, पण ज्याची रजाच अखेरच्या आठवड्यात मंजूर होते, त्याला दोन्ही सारखेच. त्याची मागणी अल्प आहे: गाडी कोणत्या फलाटावर लागणार ते वेळेत सांगा, आडवाटेच्या स्थानकात ती तासभर उभी राहिली तर नळाला पाणी असू द्या, आणि शौचालय वापरण्याजोगे ठेवा. याला सेवा म्हणण्यापेक्षा कर्तव्य म्हणणे अधिक योग्य.

कर्तव्याची गोष्ट निघाली आहे, तर ती प्रवाशांनाही ऐकवली पाहिजे. फलाटावर उभे असता ‘जरा सरका हो’ म्हणून विनवणारा मनुष्य आत पाऊल पडताच ‘जागा नाही’ म्हणून दार लावून घेतो. परतीच्या प्रवासात खेड-चिपळूणला तान्ही मुले घेऊन उभ्या असलेल्या माउल्या बंद दारावर हात आपटतात आणि आत ‘मोरया’चा गजर चालू राहतो. ज्या दैवताला आपण विघ्नहर्ता म्हणतो, त्याच्या भक्तांनी दुसऱ्याच्या वाटेतील विघ्न व्हावे, याहून मोठी विसंगती कोणती?

कीर्तनात पूर्वरंग विस्कटला, की उत्तररंगात श्रोत्यांचे चित्त लागत नाही. प्रवास हा या उत्सवाचा पूर्वरंगच होय. रात्रभर एका पायावर उभा राहून घरी पोहोचलेला यजमान सकाळी प्राणप्रतिष्ठेला कोणत्या मनाने बसणार? पुढल्या चतुर्थीची तिथी पंचांगात छापली जाईलच. तीच रेल्वेच्या वेळापत्रकातही वेळीच उमटावी, आणि डब्यातल्यांनी डब्याबाहेरच्यांसाठी दार उघडे ठेवावे, एवढेच आमचे मागणे आहे.