मे महिना आजी-आजोबांना द्या



गेल्या पालकसभेत मे महिन्यातल्या उन्हाळी शिबिराचा विषय निघाला, तेव्हा आम्ही दोघेही मागच्या बाकावर बसलो होतो. नातवाच्या आई-वडिलांना रजा मिळाली नाही, म्हणून त्यांच्या जागी आम्ही. चित्रकला, वेगवान गणित, इंग्रजी संभाषण, संगणक आणि शेवटच्या दिवशी बक्षीस समारंभ असा पंधरा दिवसांचा बेत वाचून दाखवण्यात आला. सभेत आम्ही काही बोललो नाही. निवृत्त माणूस बोलायला उभा राहिला की लोक घड्याळाकडे पाहू लागतात, हे आम्ही नोकरीत असताना स्वतःच केले आहे. म्हणून हे लिहून देत आहोत.

आमचे म्हणणे असे की शिबीर नको. निदान पहिली ते सातवीच्या मुलांसाठी तरी नको. शिबीर वाईट असते म्हणून नव्हे, तर मे महिना आता एकच उरला आहे म्हणून.

पूर्वी एप्रिलच्या मध्यावर परीक्षा संपली की जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मुले मोकळी असत. २०२५ साली गोव्यात सहावीपासून पुढच्या बहुतेक वर्गांचे नवे वर्ष प्रथमच जूनऐवजी एप्रिलमध्ये सुरू झाले. उन्हाचे कारण देऊन अनेक पालकांनी विरोध केला, पण निर्णय टिकला. त्या निर्णयाच्या बऱ्या-वाईटात आम्ही शिरत नाही. सुट्टी आली ती मे महिन्यावर. त्यातले पंधरा दिवस शिबिराला, चार दिवस लग्नकार्याला, आठवडाभर पुस्तके, छत्री, रेनकोट यांच्या खरेदीला. आजोळ कुठे राहिले?

आम्ही घरी बसून एक हिशेब मांडला. मूल साधारण पाच वर्षांचे झाले की न कुरकुरता दोन-तीन किलोमीटर चालते. तेरा-चौदाव्या वर्षी त्याला स्वतःचे सोबती हवे असतात आणि ते योग्यच आहे. म्हणजे आजी-आजोबांचा हात धरून फिरण्याचे आठ-नऊ मे महिने मिळतात. दुसऱ्या बाजूला आमचे गुडघे. आजोबांना डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच चढ-उतार कमी करायला सांगितले आहे आणि आजीला सूर्य डोक्यावर आला की चक्कर येते. पुण्याहून येणारी मोठी नात आता दहा वर्षांची आहे. तिच्या बाजूने तीन-चार मे उरले, आमच्या बाजूने किती ते देव जाणे. शिबीर पुढच्या वर्षीही भरेल.

आता आम्ही मुलांना नेतो तरी कुठे? फार लांब नाही. आमचे घर पेडणे तालुक्यात, आजीचे माहेर डिचोली तालुक्यात. दोन्ही तालुके मिळून नकाशावर तळहाताएवढे, पण पाच वर्षांत आमचे संपलेले नाहीत. नियम दोनच. सहाला घर सोडायचे आणि साडेनऊला सावलीत पोचायचे. हा दुसरा नियम आम्ही एकदा मोडला, त्याची हकीकत पुढे येईल.

पहिली सहल नेहमी केरीची. केरीहून फेरीबोटीने तेरेखोलला जायचे. बोटीत पाय ठेवला की मुलांची सुट्टी सुरू होते, मग त्या आधी आठ दिवस ती घरी असली तरी. पलीकडच्या काठावर गोव्याचा एवढासा तुकडा आणि त्याच्या मागे लगेच महाराष्ट्र, हे पुण्याच्या मुलींना फार नवलाचे वाटते. एक पाय गोव्यात आणि एक महाराष्ट्रात ठेवून त्यांनी फोटोही काढून घेतला (रेघ कुठे आहे हे त्यांनीच ठरवले). किल्ला सावंतवाडीकरांचा. पोर्तुगिजांनी तो १७४६ साली घेतला. १५ ऑगस्ट १९५४ रोजी मूठभर सत्याग्रहींनी आत शिरून त्यावर तिरंगा फडकवला होता. ही गोष्ट वर्गात सांगितली तर पाच वाक्यांत संपते. तटाखाली वाऱ्यात बसून सांगितली तर प्रश्न येतात. ते कुठून आले? त्यांना पोहता येत होते का? पकडल्यावर जेवायला दिले का? काही प्रश्नांची उत्तरे आम्हालाही देता आली नाहीत, तेव्हा आजोबा म्हणाले, "मोठी झालीस की तूच शोधून काढ आणि मला सांग." परतताना केरीच्या किनाऱ्यावर जिवबादादांचे नाव निघतेच. महादजी शिंद्यांच्या फौजेतले हे सेनापती याच केरीचे, हे ऐकल्यावर नातवाने गावाकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिले.

हरमलला समुद्राला अगदी लागून गोड्या पाण्याचे तळे आहे. तिथे आम्ही एकदाच गेलो, गर्दी फार. मोरजीला मात्र दरवर्षी जातो. टेंब भागात ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अंडी घालायला येतात आणि १९९० च्या दशकाच्या मध्यापासून वनखाते व गावकरी मिळून ती राखतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात आणि दीड-दोन महिन्यांत पिल्ले बाहेर पडतात. हंगाम खरे तर हिवाळ्यातला, मे महिना म्हणजे शेपूट. आम्ही तीन वर्षे गेलो आणि पिल्लू एकदाही दिसले नाही. कुंपण दिसले, पाटी दिसली. तिथल्या एका माणसाने सांगितले की वाळू जास्त तापली तर माद्या अधिक निपजतात. धाकटीने यावर घरी येईपर्यंत विचार केला आणि विचारले, "मग फार उन्हाळा झाला तर सगळ्याच मुली?" हा प्रश्न पुस्तकातल्या कुठल्याही स्वाध्यायात नसेल.

आता ती नियम मोडल्याची गोष्ट. मोपाच्या बाजूच्या सड्यावर आम्ही करवंदांना गेलो होतो. इकडे त्यांना कांटां म्हणतात, पुण्याच्या मुली करवंदे म्हणतात, आणि त्यावरून झालेल्या भांडणात अर्धा तास गेला. मग काजूच्या झाडांखाली पडलेले बोंडू गोळा करण्यात वेळ गेला. पिकलेला बोंडू झाडावरून ओढायचा नसतो, तो आपोआप पडू द्यायचा, हे आजी सांगेपर्यंत नातू झाडावर होता. त्यातच धाकटीने ओली बी दाताने फोडून पाहिली. तिच्या सालीतले तेल कातडी भाजते. ओठ सुजला, रडारड झाली, प्यायचे पाणी तोंड धुण्यात संपले, आणि सड्यावर अकराच्या उन्हात सावली म्हणजे करवंदीच्या जाळीची, तीही सशाच्या मापाची. एका गाडीवाल्याने आम्हाला खाली सोडले. सुनेने त्या दिवशी काही म्हटले नाही, पण तिचे न बोलणे आम्हाला पुरेसे होते. चूक आमची होती. तेव्हापासून प्रत्येकाच्या पाठीवर स्वतःची बाटली असते आणि आजीच्या पिशवीत एक जास्तीची.

तरीही त्या सड्याची एक गोष्ट सांगितली पाहिजे. ५ जानेवारी २०२३ पासून मोपाच्या विमानतळावरून विमाने उडू लागली. मुले मान वर करून विमाने मोजतात, आणि त्यांच्याच एका विमानाने जावईबापू पुण्याहून येतात, तेव्हा आम्ही तक्रार कोणत्या तोंडाने करावी? पण विमानतळाच्या जागी आमच्या लहानपणी गुरे चरत, पावसाळ्यात कातळावर बोटभर उंचीची फुले येत, आणि कांटां, जांभळे, चुर्णां यांसाठी आम्ही त्या सड्यावर दिवस काढलेले आहेत. कुंपणाबाहेर उरलेल्या सड्यावरही आता जागोजागी भूखंडांचे दगड दिसतात. कागदावर ती जमीन पडीक. पडीक म्हणजे काय, हे ज्या मुलाने तिथून ओंजळभर करवंदे आणली त्याला विचारावे. आजोबा प्रत्येक खेपेला मुलांना दाखवून ठेवतात की अमुक पाणवठा इथे आहे, तमुक वाट तिथे उतरते. ही माहिती कुठे छापलेली नाही, आणि आमच्यानंतर ती सांगणारे आमच्या वाड्यावर दोघे-तिघेच उरतील.

डिचोलीकडे गेलो की पहिला मान नार्व्याच्या श्रीसप्तकोटेश्वराचा. कदंब राजांचे हे दैवत मूळ दिवाडी बेटावरचे. पोर्तुगिजांनी तिथले देऊळ मोडल्यावर देव नदीपार इकडे आला. १६६८ साली शिवाजी महाराजांनी देवालयाच्या जीर्णोद्धाराची आज्ञा केली, तसा शिलालेख दारावर आहे. त्यावर शके १५९० असे साल आहे. मोठ्या नातीने ते बोटाने हवेत गिरवत वाचले आणि म्हणाली, "हे चुकलंय. महाराजांचा जन्म तर १६३० चा." मग देवळाच्या पायरीवर बसून शालिवाहन शक म्हणजे काय, त्यात अठ्ठ्याहत्तर का मिळवायचे, हे सगळे झाले. तिने हातावर पेनने बेरीज केली, १६६८ आले, आणि तिचा चेहरा असा खुलला की आमच्या नोकरीच्या वर्षांत असा चेहरा आम्ही फार वेळा पाहिला नाही. महाराजांचा आपल्या आजोळाशी काही संबंध असेल हे तिच्या गावीही नव्हते. पुण्यात गेल्यावर तिने वर्गात हे सांगितले आणि बाईंनी तिला पुढे उभे केले, असा फोन आला. राज्य सरकारने केलेल्या अलीकडच्या जीर्णोद्धारानंतर २०२३ साली देऊळ पुन्हा खुले झाले, तेव्हा ज्यांनी अजून पाहिले नसेल त्यांनी मुलांना घेऊन जावे. तिथून फेरीबोटीने दिवाडीला गेले की देवाची वाट उलट्या दिशेने चालून होते.

हरवळ्याची लेणी आणि शेजारचा धबधबा, मयेचे तळे, ही ठिकाणे सर्वांना ठाऊक आहेत, त्यावर शाई खर्च करत नाही. धबधबा मे महिन्यात करंगळीएवढा झालेला असतो, एवढेच सांगून ठेवतो, म्हणजे मुले रुसणार नाहीत.

शिरगावच्या लईराईबद्दल मात्र बोलायला हवे. वैशाख शुद्ध पंचमीची जत्रा, धोंडांचे उपास, हातातल्या वेताच्या काठ्या, मोगऱ्याच्या माळा आणि पहाटेचा होमखण, हे सारे आजीच्या लहानपणाशी जोडलेले आहे. २०२५ च्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन माणसे दगावली. त्यानंतर जत्रेच्या रात्री मुलांना न्यायचे नाही, असे आम्ही ठरवले. आजीला ते जड गेले. आता आम्ही जत्रा होऊन गेल्यावर सकाळी जातो, तळीवर बसतो आणि आजी आपल्या वडिलांबरोबर ती कशी येई ते सांगते. शिरगावच्या डोंगरांकडे बोट दाखवून खाणींचेही सांगते. २०१२ साली खाणी बंद पडल्या, मध्ये सुरू झाल्या, २०१८ साली पुन्हा थांबल्या, आता परत सुरू होत आहेत. तिच्या माहेरच्या नात्यात खाणीवर घर चालवणारेही आहेत आणि विहीर आटली म्हणून खाणीला शिव्या देणारेही. मुलांना ती दोन्ही बाजू सांगते. एका बाजूचे ऐकले की मुले लगेच न्याय देऊन मोकळी होतात.

आता आक्षेप. आई-वडील दोघेही नोकरीला, मूल मे महिन्यात ठेवायचे कुठे? हा प्रश्न खरा आहे आणि शिबिराला पैसे भरणाऱ्या पालकांना आम्ही दोष देत नाही. सगळ्यांचे आजी-आजोबा जवळ नसतात, असले तरी धडधाकट नसतात, आणि काहींना नातवंडांचा दंगा सोसवत नाही, हे कबूल करायला लाजायचे कारण नाही. आम्हालाही दुपारी दोन तास शांतता लागते, तेवढ्यापुरता टीव्ही आमच्याही घरी चालतो. पण आपल्याच वाड्यांवर निवृत्त शिक्षक, तलाठी, कदंब महामंडळाचे चालक, परिचारिका बसून आहेत. त्यांच्यापैकी प्रत्येकाने आपल्या नातवाबरोबर शेजारची दोन मुले घेतली तरी पुष्कळ झाले. आम्ही गेल्या वर्षी तीन घेतली. त्यांतल्या एकाला पोळ्यातून उडणारी मधमाशी आणि गांधीलमाशी यांतला फरक आमच्यापेक्षा चांगला कळत होता.

विश्वस्तांकडे मागणी दोन. शिबिराऐवजी शाळेचे वाचनालय मे महिन्यात रोज सकाळी दहा ते बारा उघडे ठेवा. फिरून आलेली मुले तिथे बसतील, पक्ष्याचे नाव शोधतील, नाही तर पंख्याखाली नुसती बसतील. किल्ली सांभाळायला माणूस नसेल तर आम्ही येऊ. दुसरी मागणी सुट्टीतल्या प्रकल्पवहीची. मागे ओळखीतल्या एका मुलाला 'रानफळे' या विषयाची वही करायची होती. त्याने दुकानातून चित्रांचा तक्ता आणला, करवंद कापून चिकटवले, खाली नाव लिहिले. त्याच्या घरामागच्या कुंपणात करवंदीची जाळी होती. वहीला चांगले गुण मिळाले. अशी वही या वर्षी देऊ नये.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यासाठी एवढेच, की या मे महिन्यातल्या दर मंगळवारी आम्ही सकाळी सव्वासहाला पेडण्याच्या बसस्टँडवर असू. पहिला मंगळवार केरी-तेरेखोल. टोपी, पाण्याची बाटली आणि घरच्यांची चिठ्ठी आणावी. खाऊ आजीकडे असेल, बहुधा फणसाची साटे. मोबाईल आणला तरी चालेल, पण तो आजोबांच्या पिशवीत राहील आणि फेरीबोटीत बसल्यावर फोटोपुरता मिळेल.