फाटकाच्या आतला रस्ता

शहरांतील मोठ्या गृहसंकुलांच्या वार्षिक सभांत ज्या विषयांवर आवाज चढतात, त्यांत पाणी आणि वाहनतळ यांच्या जोडीला आता गतिरोधकांचा विषय येऊन बसला आहे. अंतर्गत रस्त्यावर गतिरोधक बसवावेत की नाही, हा वरवर पाहता अगदी किरकोळ प्रश्न. देशापुढे बेकारी आणि महागाई उभी असताना पन्नास-साठ कुटुंबांनी डांबराच्या चार उंचवट्यांवरून भांडावे, याचे कार्यकर्त्यांना हसू आले तर नवल नाही. परंतु हा वाद हसण्यावारी नेण्याजोगा नाही. सामाईक मालमत्तेचा उपयोग कोणी कसा करावयाचा, एकाच्या सोयीची किंमत दुसऱ्याने का मोजावयाची आणि निर्णय कोणाच्या मताने व्हावयाचा, हे समाजवादी विचाराचे तीन जुने प्रश्न या उंचवट्यांखाली दडलेले आहेत.

वादाचे स्वरूप बहुतेक ठिकाणी सारखेच असते. संध्याकाळी मुले खेळत असलेल्या रस्त्यावरून एखादी मोटार भरधाव जाते, एखादे मूल थोडक्यात बचावते आणि दुसऱ्या दिवशी पालक गतिरोधकाची मागणी करतात. तिला विरोध करणारे सगळेच वेगाचे भोक्ते असतात असे मात्र नव्हे. मणक्याचे दुखणे असलेल्या वृद्धाला, गरोदर स्त्रीला आणि रुग्णवाहिकेतील रुग्णाला प्रत्येक दणका सोसावा लागतो. तळमजल्यावर राहणाऱ्याच्या खिडकीखाली गाड्यांचा वेग कमी होण्याचा आणि पुन्हा वाढण्याचा आवाज दिवसभर चालू राहतो. अंधारात न दिसलेल्या उंचवट्यावर दुचाकी घसरते. या तक्रारी खऱ्या आहेत. त्यांना गाडीवाल्यांचा कांगावा म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे होईल.

तिसरा पक्ष नीतिवाद्यांचा असतो. लोकांना शिस्त लागली पाहिजे, सूचनाफलक लावा, परिपत्रक काढा, गतिरोधक कशाला, असे त्यांचे म्हणणे. हे ऐकावयास गोड वाटते. पण आवाहनाने माणसाचे वर्तन बदलते असे असते, तर कामगार कायद्यांची गरजच पडली नसती. माणूस वाईट आहे म्हणून नियम करावे लागत नाहीत. घाईत असलेल्या चांगल्या माणसालाही दुसऱ्याचा धोका दिसत नाही, म्हणून ते करावे लागतात.

धोका किती हे साध्या गणिताने कळते. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार सेकंदाला ११ मीटर अंतर कापते. समोर मूल आल्याचे लक्षात येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला, तर ब्रेक लागण्यापूर्वीच ११ मीटर गेलेले असतात. कोरड्या रस्त्यावर गाडी पूर्ण थांबेपर्यंत सुमारे २० मीटर होतात. ताशी २० च्या वेगाला तीच गाडी सुमारे ८ मीटरांत थांबते. वेग निम्मा केला की धडकेतील ऊर्जा एक चतुर्थांशावर येते. याच्या उलट, ३०० मीटरांच्या अंतर्गत रस्त्यावर ताशी ४० ऐवजी २० च्या वेगाने गेल्यास चालकाचा वेळ जातो अवघा २७ सेकंद. एका बाजूला अर्ध्या मिनिटाची बचत आणि दुसऱ्या बाजूला मुलाचा जीव, असा हा ताळेबंद आहे. वेग कमी झाला पाहिजे याविषयी म्हणूनच वाद संभवत नाही. वाद संभवतो तो साधनाविषयी.

साधनाचा विचार मात्र फार थोड्या ठिकाणी होतो. नोबेल पारितोषिक मिळालेले अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ आर्थर कॉम्प्टन यांनी १९५३ साली सेंट लुइस येथील आपल्या विद्यापीठाच्या आवारासाठी वेग आवरणारे उंचवटे स्वतः आखले होते. ब्रिटनच्या रस्ता संशोधन प्रयोगशाळेने १९७० नंतरच्या दशकात प्रयोग करून सुमारे १२ फूट रुंद आणि ४ इंच उंच असा सौम्य, गोलाकार उंचवटा सुचविला. भारतीय रस्ते परिषदेच्या १९८८ च्या मार्गदर्शिकेतही ताशी २५ किलोमीटर वेगासाठी ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा उंचवटा सांगितला आहे. प्रत्यक्षात संकुलांत काय बसते? बाजारात तयार मिळणारी रबराची अरुंद पट्टी, किंवा कंत्राटदाराने उरलेल्या काँक्रीटची ओतलेली वरवंट्यासारखी रांग. सावकाश जाणाऱ्या सायकलवाल्याला आणि दुचाकीस्वाराला तिचा दणका पुरेपूर बसतो. जाड टायरांची महागडी गाडी मात्र तिच्यावरून फारसे न हलता निघून जाते. ज्याच्यापासून धोका कमी त्याला शिक्षा अधिक, असा हा उलटा न्याय आहे. विरोधकांच्या निम्म्या तक्रारी गतिरोधकाविरुद्ध नसून वाईट गतिरोधकाविरुद्ध असतात, हे दोन्ही पक्षांनी ओळखले तर अर्धा वाद तेथेच मिटेल.

अर्थशास्त्रात हा प्रश्न नवा नाही. आर्थर पिगू यांनी १९२० साली दाखवून दिले की एकाच्या कृतीचा भार तिऱ्हाइतावर पडत असेल आणि त्याची किंमत कर्त्याला मोजावी लागत नसेल, तर ती कृती समाजाला परवडेल त्यापेक्षा अधिक प्रमाणात होते. गतिरोधक हा एका परीने वेगावर बसविलेला करच होय. १९६० साली रोनाल्ड कोज यांनी यावर असे मांडले की हानी दुहेरी असते. मुलांना वाचवावयाचे तर चालकांची काही गैरसोय होणारच, आणि वाटाघाटीचा खर्च नसेल तर दोन्ही पक्ष आपसांत तडजोड करू शकतील. पण वाटाघाटीला फुकट बसता येत नाही, हे कोज यांनीच बजावले होते. त्यात भर घालावयाची ती एवढीच की, ज्यांचा जीव पणाला लागलेला असतो त्यांना त्या बैठकीत पुष्कळदा खुर्चीच नसते. सहा वर्षांचे मूल कोणाशी सौदा करणार?

येथे मताधिकाराचा प्रश्न उपस्थित होतो, आणि या वादाचे मर्म तेथेच आहे. १९१५ साली मुंबईत गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली, तेव्हापासून महाराष्ट्राला सहकारी वसाहतीची परंपरा आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० याने एक सभासद, एक मत हे तत्त्व मान्य केले. घर दोन खोल्यांचे असो की पाच, मत एकच. त्यानंतर दहा वर्षांनी आलेल्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याने निराळी वाट काढली. या कायद्याखालील संकुलात मतांची मोजणी डोक्यांवर होत नाही. घोषणापत्रात प्रत्येक सदनिकेला जी टक्केवारी नेमून दिली असेल तिच्यावर होते. समजा, एका संकुलात १५०० चौरस फुटांच्या २० आणि ६५० चौरस फुटांच्या ४० सदनिका आहेत, आणि टक्केवारी क्षेत्रफळावरून ठरली आहे. मोठ्या सदनिकांचे क्षेत्र ३०,००० चौरस फूट, लहानांचे २६,०००. म्हणजे २० कुटुंबांकडे साडेत्रेपन्न टक्के मते, आणि ४० कुटुंबे अल्पमतात. ज्या घरांत दोन-दोन मोटारी आहेत आणि ज्या घरांतील मुले चालत शाळेच्या बसपर्यंत जातात, त्यांच्यातील वादाचा निकाल अशा मोजणीने लागणार असेल, तर त्याला लोकशाही म्हणता येणार नाही. भागधारकांची सभा म्हणता येईल. खर्च क्षेत्रफळावर वाटला जातो म्हणून मतही तसेच वाटावे, हा युक्तिवाद इमारतीच्या रंगकामापुरता कदाचित चालेल. जिवाच्या सुरक्षिततेला चौरस फुटाचे माप लावता येत नाही.

आणि ज्यांना एक टक्काही मत नाही, त्यांचे काय? भाडेकरूंना सभेत मत नाही. सकाळी सहा वाजता फाटकातून आत येणाऱ्या घरकामगार स्त्रिया, सफाई कामगार आणि माळी हे या रस्त्यावरून दिवसभर पायी चालतात. बारा-बारा तास फाटकावर उभा असलेला रखवालदार बेफाम गाडीला हात करतो, तेव्हा मालकाचा अपमान केल्याबद्दल त्यालाच बोलणी खावी लागतात. घरपोच माल आणणारा तरुण तर दुहेरी कात्रीत सापडलेला असतो. तो वेगाने येतो म्हणून सभेत सर्वांत आधी त्याच्यावर ठपका ठेवला जातो. परंतु त्याचा वेग त्याच्या मर्जीचा नसतो. हातातील यंत्रावर कंपनीने लावलेले घड्याळ तो ठरविते, आणि मागणी नोंदविताना लवकरात लवकर माल हवा असे म्हणणारा ग्राहक याच सभेत बसलेला असतो. अरुंद पट्टीवर पाठीवरच्या ओझ्यासह आदळतो तोही हाच तरुण.

तेव्हा भूमिका काय असावी? गतिरोधक ही मुक्तीची वाट नव्हे आणि जुलूमही नव्हे. ते एक साधन आहे आणि त्याची निवड सर्वांच्या हिताने व्हावयास हवी. जेथे मुले रस्ता ओलांडतात तेथे रबराची पट्टी ठोकण्याऐवजी पायी चालणाऱ्यांची वाटच रस्त्याच्या पातळीहून उंच, रुंद आणि उताराची करावी. तिच्यावर पट्टे रंगवावेत, रात्री दिवा असावा, कडेला पाण्यासाठी आणि चाकाच्या खुर्चीसाठी जागा सोडावी. वळणावर उभ्या राहणाऱ्या गाड्या हटवाव्यात, कारण त्यांच्या आडूनच मूल एकाएकी पुढे येते. नेदरलँड्समध्ये १९७६ साली कायद्याने मान्य झालेल्या निवासी गल्ल्यांचे तत्त्व हेच होते, की घरांमधला रस्ता हा प्रथम राहणाऱ्यांचा आणि खेळणाऱ्यांचा, नंतर वाहनांचा. निर्णयापूर्वी भाडेकरूंना आणि तेथे काम करणाऱ्यांना सभेत बोलावून त्यांचे म्हणणे नोंदवून घ्यावे. तसे करण्यास कोणताही कायदा आड येत नाही. आणि मते टक्केवारीने मोजावी लागणारच असतील, तर त्याआधी घरटी एक याप्रमाणे कौल घेऊन तो सभेपुढे ठेवावा. मोठ्या घरांतील मंडळींना त्याच्याविरुद्ध मत द्यावयाचेच असेल, तर ते निदान शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत द्यावे लागेल.

पक्षाचे अनेक कार्यकर्ते आणि हितचिंतक आज अशा संकुलांत राहतात. मोर्चाला ते येतात, परंतु आपल्या इमारतीच्या सभेला वेळ नाही म्हणून जात नाहीत. तेथील कारभार मग सवड असलेल्या चार जणांच्या हाती राहतो. समतेचा विचार फाटकाबाहेर सोडून आत जाता येत नाही. पुढच्या सभेत कोणी अर्ध्या मिनिटाचा हिशेब मांडील, तेव्हा त्या रस्त्यावरून चालत जाणाऱ्यांचाही हिशेब मांडणारा एक तरी सभासद तेथे हजर असला पाहिजे.